रिझर्व्ह सोडून शहरात गेलं की कोणते लाभ सुटतात?

प्रश्न (नदीपलीकडे): कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात फोर्ट विल्यम रिझर्व्हवरून (मूलनिवासींसाठी राखून ठेवलेली जमीन) शेजारच्याच थंडर बे शहरात राहायला जाणारं फर्स्ट नेशन्स (मूलनिवासी) कुटुंब आहे. नवरा-बायको, दोन मुलं, चौघांकडे स्टेटस कार्ड (सरकारी नोंदणीचं ओळखपत्र). बँडच्या (फर्स्ट नेशनच्या स्थानिक प्रशासनाच्या) ऑफिसातून ऑन्टारिओ वर्क्स, म्हणजे प्रांताची गरजूंसाठीची आर्थिक मदत, मिळते. नवरा शहरातल्या कंत्राटदाराकडे अर्धवेळ कामाला, त्यातलं साठ टक्के काम रिझर्व्हवर. काय बंद होईल?

फाइलवाला: ऑन्टारिओ वर्क्सचे दर दोन्हीकडे सारखेच. फाइल मात्र बँडकडून जिल्ह्याच्या सोशल सर्व्हिसेस बोर्डाकडे जाते. ती आपोआप जाईल या भरवशावर राहू नका. शेवटचे पैसे कोणत्या महिन्याचे दिले, याचं पत्र बँडच्या वर्करकडून आधीच घ्या आणि नवा भाडेकरार सोबत जोडा. पत्र नसेल तर दोन्हीकडून पैसे घेतल्याची शंका येते, अर्ज अडतो आणि मधला महिना कोरडा जातो.

खरा फटका भाड्याचा. एकट्या माणसाला महिन्याला ७३३ डॉलर: ३४३ खर्चाला, ३९० पर्यंत निवाऱ्याला. कुटुंबाचे आकडे मोठे, हिशोब हाच. निवाऱ्याचे पैसे प्रत्यक्ष खर्चाइतके, पण मर्यादेपर्यंतच. बँडच्या बिनभाड्याच्या घरात ही मर्यादा जाणवत नाही. शहरात पहिल्याच महिन्यात जाणवते.

गोळीचिठ्ठी: औषधं, दात, चष्मा यांचा केंद्राचा एनआयएचबी लाभ स्टेटसवर मिळतो, पत्त्यावर नाही. तो सुटत नाही. (मेटी या वेगळ्या मूलनिवासी समाजाला हा लाभ नाही, गल्लत करू नका.) पण तो सगळ्यात शेवटी पैसे देतो: आधी खाजगी विमा किंवा प्रांताची योजना, उरलेलं एनआयएचबी. नव्या फार्मसीत दहा आकडी नोंदणी क्रमांक आणि कार्डावरचंच नाव, जन्मतारीख द्या. स्पेलिंग चुकलं की क्लेम परत. खिशातून पैसे भरले असतील तर एका वर्षाच्या आत मागा.

नदीपलीकडे: आणि कर? शहरात आलं की सगळ्या पगारावर लागतो, असं ऐकलंय.

टीचारवाला: सरसकट नाही. निम्म्याहून जास्त काम रिझर्व्हवर असेल आणि मालक किंवा कामगार यांपैकी एक जण तिथला असेल, तर पूर्ण पगार करमुक्त. इथे मालक शहरातला. कामगारही शहरात आला की ही अट तुटते. मग साठ टक्के करमुक्त, चाळीसवर कर. नव्वद टक्के काम रिझर्व्हवर असतं तर पत्त्याचा प्रश्नच नव्हता. मालकाला नवा टीडी१-आयएन (पगाराचा किती भाग करमुक्त हे ठरवणारा) फॉर्म लगेच द्या, नाहीतर एप्रिलमध्ये एकदम बिल येतं.

करमुक्त पगारातून ईआय (बेरोजगारी विमा) कापला जातो, सीपीपी (कॅनडा पेन्शन प्लॅन) मात्र मालकाने तसा पर्याय निवडला असेल तरच. पगाराची स्लिप बघा, नसेल कापत तर म्हातारपणी पेन्शन तेवढी कमी.

मुलांचा चाइल्ड बेनिफिट चालू राहतो, फक्त ३० एप्रिलपर्यंत दोघांनी रिटर्न भरायला हवं, कर शून्य असला तरी. एकाचंही राहिलं की जुलैपासून पैसे थांबतात. पत्ताही बदलून घ्या.