टीटीएक्सनं नर्व्ह बंद पडते पण हृदय चालू राहतं, काऊन?

वर्षा_झूऑलॉजी

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरला एमएस्सी झूऑलॉजी करून राहिली आहे, फिजिऑलॉजी स्पेशल घेतलंय, अन् सध्या आयन चॅनलच्या युनिटवर गाडी अडली आहे. पुस्तकात लिहिलंय की पफरफिशचं विष म्हणजे टेट्रोडोटॉक्सिन, टीटीएक्स, हे सोडियम चॅनल बंद करतं, म्हणजे पेशीच्या आवरणातलं सोडियम आत सोडणारं भोक, ज्याच्यामुळे नर्व्हचा सिग्नल चालतो. ठीक. पण सोडियम चॅनल तर नर्व्हमध्ये आहे, हातापायाच्या स्नायूत आहे, हृदयातही आहे, मग तो मासा खाऊन ज्याला विषबाधा होते त्याचा श्वास थांबतो अन् हृदय मात्र बराच वेळ धडधडत राहतं, हे कसं काय? हृदयाचा चॅनल त्याच्यातून सुटतो कसा?

अन् दुसरं, मॅडमनी व्हायव्हाच्या तयारीसाठी एक कोडं दिलंय. तीन डिश आहेत, एकीत हृदयाच्या पेशी, एकीत स्केलेटल मसलच्या, एकीत मेंदूच्या न्यूरॉनच्या, अन् लेबलं पुसली गेलीत. तुझ्याकडे फक्त टीटीएक्स अन् म्यू-कोनोटॉक्सिन (समुद्री गोगलगाईचं विष) आहे, सोडियम करंट म्हणजे त्या चॅनलमधून वाहणारा प्रवाह मोजता येतो, तर कोणती डिश कोणाची ते सांग. मला अर्धंच जमून राहिलं आहे. कोणी नीट समजावून सांगता का?

रामदासपेठ_सर

वर्षा, प्रश्न फार चांगला विचारलास, मी हा विषय अनेक वर्षं शिकवला आहे आणि बहुतेक मुलं "टीटीएक्स सोडियम चॅनल ब्लॉकर" एवढं पाठ करून पुढे जातात, तू थांबलीस हे बरं केलंस.

आधी हृदयाचं बघ. सोडियम चॅनल एकच नाही, माणसात त्याचे नऊ प्रकार आहेत, नॅव्ह (सोडियम चॅनलचं शास्त्रीय नाव) १.१ ते १.९, प्रत्येकाचा जीन वेगळा. ढोबळमानाने १.१, १.२, १.३ आणि १.६ मेंदू आणि मज्जासंस्थेत, १.४ स्केलेटल मसलमध्ये, १.५ हृदयात, आणि १.७, १.८, १.९ वेदना वाहून नेणाऱ्या बाहेरच्या नर्व्हमध्ये. टीटीएक्स बाहेरच्या बाजूने येऊन भोकाच्या तोंडाशी बसतं, बूच लावल्यासारखं. ते तिथे घट्ट बसायला एका ठरावीक जागी, चॅनलच्या प्रोटीनच्या चार भागांपैकी पहिल्या भागाच्या (डोमेनच्या) लूपमध्ये, टायरोसिन किंवा फिनाइलअॅलॅनिन लागतं, म्हणजे रिंग असलेलं अमिनो आम्ल. नर्व्ह आणि स्केलेटल मसलच्या चॅनलमध्ये ते आहे. हृदयाच्या १.५ मध्ये त्याच जागी सिस्टीन आहे, आणि तेवढ्या एका बदलामुळे टीटीएक्सची पकड शेकडो पटीनं ढिली होते. हे नुसतं अनुमान नाही, १९९२ साली ते सिस्टीन बदलून तिथे टायरोसिन बसवलं तर हृदयाचा चॅनल टीटीएक्सला नर्व्हसारखा दाद द्यायला लागला. दोन हजार अमिनो आम्लांच्या प्रोटीनमध्ये एक जागा बदलते आणि विषबाधा झालेल्या माणसाचं हृदय चालू राहतं, मला आजही हे शिकवताना अंगावर काटा येतो.

म्हणून रुग्णाचा डायफ्राम बंद पडतो कारण त्याची नर्व्ह आणि तो स्नायू दोन्ही टीटीएक्सला बळी पडतात, हृदय तेवढ्या डोसला तग धरतं. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर विष उतरेपर्यंत माणूस वाचू शकतो. बीपी पडतं, पण त्याचं मोठं कारण रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नर्व्ह गप्प होतात हे आहे.

आता कोडं. तिन्ही डिशना साधारण ३०० नॅनोमोलर टीटीएक्स दे (नॅनोमोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक, हजार नॅनोमोलर म्हणजे एक मायक्रोमोलर). जिथला करंट थोडासाच कमी झाला ती हृदयाची, तिला अर्धं बंद करायलाच एक-दोन मायक्रोमोलर लागेल. उरलेल्या दोन डिशचा करंट गेला, त्या धुवून घे, टीटीएक्स निघून जातं आणि करंट परत येतो. मग म्यू-कोनोटॉक्सिन जीआयआयआयए दे. हे कोनस जिओग्राफस नावाच्या समुद्री गोगलगाईचं, २२ अमिनो आम्लांचं, तेही त्याच भोकाच्या तोंडाशी बसतं, पण त्याची खरी ओढ १.४ कडे. करंट गेला ती मसल, राहिला तो न्यूरॉन. फक्त डोस हात आखडून दे, खूप वाढवलास तर नर्व्हचे काही प्रकारही त्याच्या तावडीत सापडतात.

महालचा_पोरगा

सरांनी मस्त सांगितलं. मी मूळचा महालचा, सध्या पुण्याला पीएचडी करून राहिलो, काम डीआरजी न्यूरॉनवर आहे म्हणजे पाठीच्या कण्याजवळच्या गँगलियातल्या वेदनेच्या पेशी, तर वर्षा तुला प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगतो कारण पुस्तकातली आकृती पाहून ते समजत नाही.

उंदराची लहान डीआरजी पेशी इलेक्ट्रोडनं पकडायची, तिचं व्होल्टेज उणे ८० मिलिव्होल्टवर धरायचं अन् एकदम शून्यावर उडी मारायची, म्हणजे चॅनल उघडतात. स्क्रीनवर करंटची रेघ खाली जाते, खोल अन् अरुंद खड्डा, काही मिलिसेकंदात पडून वर येते. मग ३०० नॅनोमोलर टीटीएक्स सोडायचं अन् दर काही सेकंदांनी तीच उडी मारत राहायचं. खड्डा दर वेळी उथळ होत जातो, आधी तो टोकदार भाग जातो, अन् शेवटी जे उरतं ते शून्य नसतं. एक रुंद, संथ, उशिरा वर येणारा खड्डा राहतो. तो नॅव्ह १.८. एकाच पेशीत दोन जातीचे चॅनल होते अन् विषानं ते आपल्या डोळ्यासमोर वेगळे केले, कोणतं स्टेनिंग नाही, जीन कापला नाही, काही नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तो ट्रेस कितीतरी वेळ पाहत बसलो होतो.

१.८ अन् १.९ मध्ये त्या जागी सेरीन आहे, म्हणून ते टीटीएक्सला हृदयापेक्षाही जास्त कडक. १.९ पाहायचा असला तर पेशी उणे १२० वर धरावी लागते, नाहीतर तो आधीच झोपलेला असतो, अन् तो फार कमी व्होल्टेजला उघडतो अन् लवकर बंद होत नाही. म्हणजे टीटीएक्स एकटं पुरत नाही, व्होल्टेजचा प्रोटोकॉलही सोबत लागतो. १.७ मात्र टीटीएक्सनं बंद होतो, त्याला बाकीच्यांपासून वेगळं काढायला टॅरँट्युला कोळ्याची विषं वापरतात, प्रोटॉक्सिन-२ अन् हुवेनटॉक्सिन-४, तीसुद्धा शंभर टक्के शुद्ध निवडीची नाहीत पण कामाची आहेत.

डॉ_वर्धा_रोड

माझा क्लिनिकल अँगल, कारण मुलांचा एक गोंधळ नेहमी होतो, सोडियम चॅनलचं विष म्हटलं की ते बंदच करणार असं धरून चालतात. बचनाग घ्या. त्यातलं अॅकोनिटीन चॅनलच्या आतल्या वेगळ्या जागी बसतं आणि चॅनलला मिटूच देत नाही, तोंडाला मुंग्या, बधिरपणा आणि मग हृदयाची लय बिघडते, कारण ते हृदयालाही सोडत नाही. तेव्हा विष जहाल आहे म्हणून ते प्रकार ओळखायला उपयोगी असं अजिबात नाही, अॅकोनिटीन आणि व्हेराट्रिडीन (हेही वनस्पतीचंच विष) दोन्ही जोरदार, पण कोणत्या टिश्यूचा चॅनल आहे हे त्यांच्यावरून कळणार नाही.

आपल्याकडचा लाल विंचू हे दुसरं उदाहरण. त्याच्या विषातले अल्फा टॉक्सिन चॅनलचं बंद होणं लांबवतात, नर्व्हच्या टोकांतून नॉरअॅड्रिनलिन आणि अॅड्रिनल ग्रंथीतून अॅड्रिनलिन धो धो बाहेर पडतं, घाम, थंडगार हातपाय, वाढलेलं बीपी, मग फुफ्फुसात पाणी. म्हणजे हृदयावर जो मार बसतो त्याचा मोठा भाग नर्व्हच्या मार्गाने येतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन वापरून रुग्ण वाचवले, ते औषध सोडियम चॅनलला हातही लावत नाही, पुढचे अल्फा रिसेप्टर, म्हणजे अॅड्रिनलिन, नॉरअॅड्रिनलिन जिथे जाऊन बसतात त्या जागा, अडवतं. वर्षा, व्हायव्हात हे सांगितलंस तर परीक्षक खूश होतील.

वर्षा_झूऑलॉजी

किती छान समजावलं सगळ्यांनी, खूप आभार, सर ते सिस्टीनचं तर वहीत लाल पेनानं लिहून ठेवलं. एकच शंका राहिली. मग टीटीएक्सनं करंट गेला नाही म्हणजे टिश्यू हृदयाचाच, असं ठामपणे लिहू का पेपरात?

रामदासपेठ_सर

नाही, असं लिहू नकोस. स्केलेटल मसलची नर्व्ह कापली तर काही दिवसांत त्या स्नायूत टीटीएक्सला न जुमानणारे चॅनल दिसायला लागतात, हे रेडफर्न आणि थेस्लेफ यांनी १९७१ मध्येच उंदराच्या स्नायूत दाखवलं होतं. पुढे कळलं की तो हृदयाचाच १.५ आहे. नवजात पिल्लाच्या स्नायूतही तो असतो, नर्व्हचा ताबा पक्का बसला की मागे पडतो. उलट बाजूने, उंदराच्या हृदयात १.५ मुख्य असला तरी थोडे मेंदूच्या जातीचे चॅनलही सापडले आहेत. म्हणून विष तुला चॅनल कोणता ते सांगतं, टिश्यू कोणता ते तू इतर पुराव्यावरून ठरवायचंस.

आणि उरलेला करंट १.५ चा की १.८ चा असा प्रश्न आला तर कॅडमियम वापर. ते सिस्टीन टीटीएक्सला दूर ठेवतं पण कॅडमियमला धरून ठेवतं, त्यामुळे १.५ त्याने सहज बंद होतो, सेरीनवाला १.८ होत नाही. कॅडमियम कॅल्शियम चॅनलही बंद करतं, तेवढं लक्षात ठेवून उत्तर लिही.

महालचा_पोरगा

अन् एका डोसवर निकाल देऊ नको, ही माझी कळकळीची विनंती आहे. दोन-तीन नॅनोमोलरपासून शंभर मायक्रोमोलरपर्यंत चढत जा अन् किती करंट उरला त्याचा आलेख लॉग स्केलवर काढ. एकच जात असली तर एक उतार येतो, दोन असल्या तर मधे पायरी दिसते, अन् ती पायरी किती उंचीवर आहे त्याच्यावरून कोणत्या जातीचा वाटा किती तेही निघतं. मॅडमच्या कोड्यात ही आकृती काढून दाखव न, तिन्ही डिशच्या तीन रेघा एकाच आलेखावर, अन् मसलची अन् न्यूरॉनची रेघ टीटीएक्समध्ये जवळजवळ एकमेकीवर येते हे त्याच्यातच दिसेल, म्हणजे कोनोटॉक्सिन कशाला लागलं ते वेगळं सांगायची गरजच नाही.