गिअरबॉक्समध्ये 'वंगण' भरायचं की ऑईल?

उंबरठा : मामेभाऊ मालवणात पर्यटकांची बोट चालवतो. डिझेल इंजिन बोटीच्या पोटात, त्याला जोडून गिअरबॉक्स, मग शाफ्ट आणि पंखा. इंजिनाच्या पुस्तिकेतला निगेचा भाग मी इथं कोल्हापुरात बसून मराठीत करून दिला. एक वाक्य असं होतं : 'गिअरपेटीत खुणेपर्यंत वंगण भरावे.' परवा भावाचा फोन. नव्या पोरानं ग्रीसचा डबा उघडला होता आणि चमच्यानं भरायच्या तयारीत होता. वेळेत दिसलं म्हणून निभावलं. भाऊ म्हणतो, तुझं मराठी आवर. आता सांगा, वंगण म्हणजे नक्की काय? घट्ट, पातळ की दोन्ही?

उद्यमनगरी : पोराचं काही चुकलं नाही. आमच्या वर्कशॉपवर वंगण कोण म्हणतच नाही. पातळ ते ऑईल, घट्ट ते ग्रीस, विषय संपला. वंगण म्हटलं की मला आजोबांची बैलगाडी दिसते, आसाला लावलेलं काळं, चिकट. मग डोक्यात ग्रीसच येणार की!

आणि आत ग्रीस गेलं असतं तर? बोटीच्या गिअरबॉक्समध्ये बहुतेक वेळा क्लचच्या प्लेटा असतात. ऑईल त्यांच्यातनं फिरतं, दाब देतं, उष्णता बाहेर आणतं. ग्रीस फिरणार कुठनं? प्लेटा करपल्या असत्या.

उंबरठा : मग साधं 'तेल' लिहू?

उद्यमनगरी : अजिबात नको. 'गाडीत तेल टाकलं का' म्हणजे पेट्रोल-डिझेल टाकलं का. आपल्या कोल्हापूरचंच बघा. गुऱ्हाळावर, पिठाच्या गिरणीत, विहिरीवर ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'ऑईल इंजिन' म्हणत आलो, त्यातलं ऑईल जळणारं, वंगणाचं नव्हे. त्याच इंजिनात 'ऑईल बदल' म्हटलं की मात्र खालचं काळं काढून नवं ओतायचं. एकाच यंत्रावर एक शब्द दोन अर्थानं, आणि आमचा एकही मिस्त्री गोंधळत नाही. पुस्तिका वाचणारा नवखा गोंधळेल.

जुनी वही : शब्दांच्या बाजूनं थोडं. 'तेल' हा मुळात 'तैल', म्हणजे तिळाचं. पुढं एरंडाचं, करडईचं, खनिज, सगळंच तेल झालं. वंगणाचं तसं झालं नाही, तो शब्द गाडीच्या आसाला चिकटून राहिला. हिंदीतही चाकाच्या आसाला तेल देण्याला 'औंगना' म्हणतात. दोन्ही शब्द सख्खे दिसतात. मला यात 'अंज्' धातू ऐकू येतो, माखणे या अर्थाचा. 'अंजन' त्याचंच आणि दिवाळीतलं 'अभ्यंग'ही. वंगणाबद्दलचा हा माझा कयास आहे, कुणी खोडला तर राग नाही.

सरकारी परिभाषेत 'स्नेहन' चालतं. स्नेह म्हणजे तेलकटपणाही आणि जिव्हाळाही. आयुर्वेदात तूप, तेल, वसा म्हणजे चरबी आणि हाडातली मज्जा हे चार स्नेह. शब्द देखणा आहे, पण 'गिअरबॉक्सचे स्नेहन करा' वाचून खलाशी गिअरबॉक्सला हळद-कुंकू लावेल. तिथं नकोच.

खाडीकाठ : मी कोल्हापूरचा जावई, घर रत्नागिरीकडं. तुम्ही सगळे पदार्थावर भांडताय. वंगण हा पदार्थ नाहीच, ते काम आहे. पुरावा देतो. बोटीचा शाफ्ट जिथून पाण्यात जातो तिथं पाणी अडवायला ग्लँड असतो, आत दोरीचं पॅकिंग. शाफ्ट फिरत असताना तिथून पाण्याचे थेंब टिपकावे लागतात. नवशिका गळती समजून नट आवळत जातो, थेंब बंद होतात, दोरी करपते आणि शाफ्टवर चर पडतात. म्हणजे तिथं वंगण कोण? समुद्राचं पाणी! काही बोटींना शाफ्टच्या टोकाला रबरी बेरिंग असतं, तेही पाण्यावरच फिरतं. तुमच्या 'ऑईल' आणि 'ग्रीस' या दोन खणांत हे कुठं बसवणार?

उलट ऑईल ओतलं तरी त्यानं घर्षण कमी केलं नाही तर ते वंगण नव्हे.

उद्यमनगरी : पाण्याचा मुद्दा मान्य. हे माझ्या डोक्यात नव्हतं. आमच्याकडं इंजिनं जमिनीवर बसतात, पाणी आत आलं की ती दुखणीच. बोट बघितली ती 2019च्या पुरात, चिखली-आंबेवाडीच्या बाजूला. ती रबरी, इंजिन मागं टांगलेलं.

खाडीकाठ : पाणी आत येण्याचं दुखणं आम्हालाही आहे. डिपस्टिकवर, म्हणजे ऑईलची पातळी बघायच्या पट्टीवर, ऑईल चहासारखं दिसलं की समजायचं, पाणी मिसळलंय. ऑईल थंड करणारा कूलर फुटलेला असू शकतो. इंजिन लगेच बंद करायचं. जूनला बोटी वर ओढून शाकारतात तेव्हाही ऑईल आधी बदलायचं, आणि इंजिन गरम असतानाच. गाळ तळाशी बसलेला नसतो, ऑईलबरोबर निघून येतो. जळकं ऑईल पावसाळाभर आत ठेवलं तर त्यातलं आम्ल बेरिंगं खातं. तळाचा बूच हाताला लागत नाही, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पंपानं ओढून काढतात. याला आम्ही 'ऑईल खेचणं' म्हणतो. अनुवादात 'निचरा करणे' लिहू नका, शेत आठवतं.

जुनी वही : 'खेचणं' झकास. आणि 'निगा'ही ठेवा. मूळचा फारसी, अर्थ नजर. डिपस्टिक रोज बघणं याहून वेगळी निगा ती काय?

उंबरठा : मग काम सांगायचं तिथं वंगण, वस्तू सांगायची तिथं ऑईल किंवा ग्रीस. पटलं. पण नुसतं 'ऑईल' तरी पुरतं का? भावाच्या गिअरबॉक्सला लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागतं, इंजिनात पंधरा-डब्ल्यू-चाळीस ग्रेडचं ऑईल.

उद्यमनगरी : पुरत नाही. काही गिअरबॉक्सना इंजिनाचंच ऑईल चालतं, काहींना एटीएफच लागतं. पुस्तिकेत जे नाव आहे ते पूर्ण लिही. आणि डिपस्टिक कशी बघायची तेही. काही गिअरबॉक्सवर ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आवळून बघितलीस तर पातळी जास्त दिसते आणि ऑईल कमी भरलं जातं.

उंबरठा : नवं वाक्य : 'गिअरबॉक्समध्ये एटीएफ ऑईल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. डिपस्टिक आटे न फिरवता टेकवून बघा. ग्रीस भरू नका.' पुढचं : 'ग्लँडमधून शाफ्ट फिरताना पाण्याचे थेंब पडू द्या. तेच तिथले वंगण.' टेकवून बघायचं का ते भावाच्या पुस्तिकेत पुन्हा वाचतो, मग ठेवतो.

खाडीकाठ : दुसऱ्या वाक्याला पुढं जोडा : 'शाफ्ट थांबल्यावर थेंब जवळजवळ थांबले पाहिजेत.' नाहीतर तुमचा पोरगा बोट बुडेपर्यंत वंगण देत बसेल.