गुलमर्गची पावडर, आल्प्सची पिस्ट आणि एकच स्नोबोर्ड: जमतं की नुसती तडजोड?

उतारकरी

‘एकच बोर्ड घ्यायचा तर कोणता?’ असं विचारलं की दुकानवाले ‘ऑल माउंटन ट्विन’ (दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड) हातात देऊन मोकळे होतात. पार्कमध्ये उड्या मारायच्या असतील, उलटं चालवायचं असेल तर ठीक आहे. पण ज्याला पावडर (ताजा, भुसभुशीत बर्फ) आणि कार्व्हिंग (एजवर, म्हणजे बोर्डाच्या धातूच्या कडेवर, कापत घेतलेली वळणं) एवढंच हवं आहे, त्याने ट्विन घेणं म्हणजे न लागणाऱ्या सोयीचे पैसे मोजणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चर्चेसाठी एक माणूस धरू. वजन ७५ किलो, बूट मोंडो २८ (पावलाची लांबी २८ सेंमी), फेब्रुवारीत आठवडाभर गुलमर्ग आणि उरलेला हिवाळा ऑस्ट्रिया-बव्हेरियातल्या पिस्टवर (यंत्राने सपाट केलेल्या उतारांवर). त्याच्यासाठी डायरेक्शनल बोर्ड (नोज म्हणजे पुढचं टोक आणि टेल म्हणजे मागचं टोक वेगळं असलेला), लांबी १५७ ते १६० सेंमी, कंबर (मधली सर्वांत अरुंद रुंदी) २६० मिमीच्या आसपास, टेपर ८ ते १२ मिमी, साइडकट रेडियस (कडेच्या आतल्या वळणाची त्रिज्या) ८.५ ते ९.५ मीटर. दोन पायांमध्ये आणि मागच्या पायामागे कॅम्बर (मध्ये उचललेली कमान), रॉकर (वर वळलेला भाग) फक्त नोजला.

टेपर म्हणजे नोजच्या सर्वांत रुंद भागापेक्षा टेल किती अरुंद आहे ते. नोज ३०५ आणि टेल २९५ असेल तर टेपर १० मिमी. खोल बर्फात अरुंद टेल थोडं बुडतं, नोज आपोआप वर राहतं आणि मागच्या मांडीवर सतत भार द्यावा लागत नाही. पिस्टवर तोच टेपर वळणाच्या शेवटी टेल सहज सोडवतो. पण २० मिमीच्या पुढे गेलात की वळण पूर्ण होण्याआधीच टेल घसरायला लागतं. म्हणून १० च्या आसपास थांबायचं.

दोन‑बोर्डवाला

सहमत नाही. कागदावर छान दिसतं, पण एज मोजा. १५८ च्या चांगल्या पिस्ट बोर्डाची प्रभावी एज (वळताना बर्फाला टेकणारी कडेची लांबी) १२० सेंमीच्या आसपास मिळते. त्याच लांबीच्या, लांब रॉकर नोजच्या बोर्डाची ११२ ते ११४. कडक पिस्टवर ते रॉकर नोज बर्फाला टेकतच नाही, हवेत फडफडत राहतं. सकाळी नऊ वाजता, रात्रभर गोठलेल्या पिस्टवर हे सहा-आठ सेंमी फार महाग पडतात.

त्याहून मोठा मुद्दा दगडांचा. गुलमर्गला मोसमाच्या सुरुवातीला किंवा बरेच दिवस बर्फ पडला नसेल तर कड्यांवर वारा बर्फ उडवून नेतो आणि खडक वरच्या थराखाली लपलेले असतात. बेसला (बोर्डाच्या तळाला) चर पडली तर पी-टेक्स (बेसचं प्लास्टिक) वितळवून भरता येते. पण एजला चीर गेली किंवा ती आत दबली तर तो तुकडा कापून नवा बसवावा लागतो, आणि तिथे पूर्वीसारखी पकड क्वचितच येते. मग ज्या एजवर बाकीचा हिवाळा कार्व्ह करायचंय, तीच आपण दगडांवर घासायची? एक वापरलेला पावडर बोर्ड गुलमर्गसाठी, एक कॅम्बर बोर्ड पिस्टसाठी. दोन्ही कामं नीट होतात.

काश्मीर_वारी

वापरलेला पावडर बोर्ड म्हणताना लोक सरसकट पूर्ण रॉकरचा घेतात, तिथे गडबड होते. गुलमर्ग म्हणजे नुसती खोल पावडर हा समज फोटोंमुळे झालाय. गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा कोंगडोरी या मधल्या स्थानकाहून अफरवत डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या थोडं खाली सोडतो. तिथून मनासारख्या बोलपर्यंत (वाडग्यासारख्या खोलगट उतारापर्यंत) जायला वाऱ्याने घट्ट केलेल्या धारेवरून आडवं जावं लागतं, तेही बराच वेळ एकाच एजवर. मधल्या भागात रॉकर असलेला बोर्ड तिथे सारखा खाली सरकतो, पोटऱ्या भरून येतात आणि बोलच्या तोंडाशी पोचेपर्यंत उंची गमावलेली असते. तेव्हा पायाखालचा कॅम्बर गुलमर्गलाही लागतोच.

दुसरं, पिस्ट केलेला भाग तिथे मोजका. बाबा रेशीकडे झाडांतून उतरलात की शेवटचा टप्पा सपाट लागतो. तिथे रेडियस कुणी विचारत नाही, बेस पळतोय का एवढंच महत्त्वाचं. सिंटर्ड (वॅक्स शोषून घेणारा) बेस आणि थंड बर्फाचं कडक वॅक्स बरोबर न्या. तिथे दुरुस्तीची सोय बेताची आहे.

(अवांतर: गोंडोलाखालचा नियंत्रित भाग सोडला की हिमस्खलनाची जबाबदारी आपली. बीकन (गाडलेल्या माणसाला शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं आणि ते वापरता येणारा जोडीदार नसेल तर बोर्डाची चर्चा नंतर करू.)

कोनमापक

२६० कंबर का, हे उतारकरींनी सांगितलं नाही. खरी मारामारी तिथे आहे, म्हणून आकडे देतो.

मोंडो २८ बुटाचा तळ बाहेरून साधारण ३० सेंमी भरतो. मागचं बाइंडिंग (बूट बोर्डाला धरणारी पकड) +६ अंशांवर, म्हणजे नोजकडे ६ अंश वळलेलं, असेल तर बोर्डाच्या आडव्या दिशेने त्याची लांबी ३० × कोसाइन ६ = २९.८ सेंमी. कंबर २५० मिमी असेल तर बाइंडिंगखाली बोर्ड साधारण २५९ मिमी असतो. म्हणजे बूट एकूण ३.९ सेंमी बाहेर, बोटांकडे आणि टाचेकडे प्रत्येकी १.९५. बुटाचा तळ एजपासून ३ सेंमी वर धरा. मऊ बर्फात एज १ सेंमी रुतते, उरले २. मग बोर्ड साधारण ४५ अंश कलला की बूट बर्फाला लागला. एज उचलली जाते आणि माणूस छातीवर आपटतो. लोक म्हणतात ‘एज सुटली’, पण सुटवलेली असते बुटाने.

तोच बूट २६२ च्या कंबरेवर ठेवा. बाहेर १.३५ सेंमी, आणि ५६ अंशांपर्यंत मोकळीक. कार्व्हिंगमध्ये हे अकरा अंश म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय रुंदी १ सेंमी वाढवून लांबी ५ सेंमी कमी केली तरी क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, म्हणजे पावडरमध्ये तरंगणं कमी होत नाही आणि झाडांत बोर्ड लवकर फिरतो.

दोन‑बोर्डवाला

@कोनमापक, तुमच्याच सूत्राने उलट सिद्ध होतं. २५० च्याच बोर्डावर मागचं बाइंडिंग +६ ऐवजी +२१ करा. ३० × कोसाइन २१ = २८. बाहेर एकूण २.१, प्रत्येकी १.०५ सेंमी, आणि कोन ६२ अंश. एक पैसा न खर्चता रुंद बोर्डापेक्षा जास्त मिळालं. वर रुंद बोर्ड एका एजवरून दुसऱ्या एजवर न्यायला घोट्याला जास्त जोर लावावा लागतो. दुपारी पिस्टवर ढिगारे झाले की तो हिशेब गुडघ्यांना द्यावा लागतो.

कोनमापक

मान्य, पण पुढचं बाइंडिंग न हलवता नुसतं मागचं +२१ करता येत नाही. पुढचं किमान +३० ते +३६ वर न्यावं लागतं आणि दोन्ही पाय पुढे वळतात. पिस्टवर ते उत्तम, जपानात कार्व्हिंगवाले सर्रास असंच लावतात. अरुंद झाडीत मागच्या पायाने टेल झटकन बाजूला ढकलायचं असतं, तिथे मात्र हा कोन आडवा येतो. म्हणून मधला मार्ग: कंबर २५६ ते २६०, कोन पुढे +२७, मागे +१२. बूट २७ पेक्षा लहान असेल तर २६० च्या वाटेला जाऊ नका, तिथे तुमचा ढिगाऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के लागू होतो.

भौतिकशास्त्री

रेडियसवरून कीस पाडणाऱ्यांसाठी ढोबळ गणित. शरीर बोर्डाला काटकोनात धरून निव्वळ कार्व्ह केला, तर टिकणारा वेग जास्तीत जास्त रेडियस गुणिले ९.८ याच्या वर्गमुळाइतका येतो. ७ मीटरला ताशी ३० किमी, ९ ला ३४, १२ ला ३९. उतार आणि कंबरेतून वाकणं यामुळे प्रत्यक्षात आकडा बदलतो, पण प्रमाण तेच राहतं. ८.५ की ९.५ याने ताशी जेमतेम दोन किमीचा फरक पडतो. त्यापेक्षा बोर्डाचा पिळाला विरोध किती आहे ते पाहा: नोज आणि टेल हातात धरून विरुद्ध दिशांना पिळा. सहज पिळला तर कडक बर्फावर नोज एज सोडणार, रेडियस काहीही असो.

उतारकरी

दगडांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावर उपाय दुसरा बोर्ड नव्हे. दगड दिसतात त्या दिवशी वरच्या टप्प्याला जाऊ नये, किंवा त्या दिवसापुरता तिथलाच भाड्याचा घ्यावा. दोन बोर्ड म्हणजे श्रीनगरच्या विमानात एकच जाणार आणि दुसरा म्युनिकच्या तळघरात. गुलमर्गला आठवडाभर बर्फ पडला नाही तर? हातात नुसता रॉकर आणि खाली कडक वाऱ्याचा थर.

‘नोज हवेत’ हे खरं आहे, म्हणून रॉकर कुठे सुरू होतो ते विकत घेण्याआधी बघा. बोर्ड सपाट टेबलावर ठेवून मध्ये दाबा आणि नोजकडून कागद सरकवा. पुढच्या बाइंडिंगच्या सर्वांत पुढच्या भोकांपासून नोजच्या दिशेने किमान १५ सेंमीवर कागद अडला पाहिजे. भोकांच्या जवळपर्यंत आत आला तर तो पावडर बोर्डच आहे, जाहिरात काहीही म्हणो.

काश्मीर_वारी

आणि घेतलेल्याच बोर्डावर दोन सेटिंग करता येतात, ते कुणी करतच नाही. पावडरच्या दिवशी दोन्ही बाइंडिंग एकेक भोक मागे. भोकांच्या ४×२ मांडणीत ते २ सेंमी होतात. पिस्टवर परत पुढे. पायांतलं अंतर बदलायचं नाही. तीन नंबरचा पोझिड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा, फिलिप्सने एम६ स्क्रूची डोकी झिजतात. स्क्रू हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला लांब टाकू नका, तो बेसला आतून फुगवटा आणतो.

एजची धार बेसकडून १ अंश, बाजूने २ अंश. बोथट करायची तर फक्त नोजच्या वळणाची पहिली ४–५ सेंमी. काही दुकानं पावडर बोर्ड म्हणून अर्धी एज बोथट करून देतात. काउंटरवरच नखाने तपासा.

दोन‑बोर्डवाला

कागदाची चाचणी चांगली आहे, तेवढी घेतो. पण ‘भाड्याचा घ्यावा’ म्हणालात, म्हणजे दुसरा बोर्ड आलाच की! आणि भाड्याच्या बोर्डाची एज त्याच नखाने तपासा, मग बोलू.