मदत हवी आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्स ३.५ मध्ये लहान आकाराच्या पात्रांना वापरता येईल असा खजिना कसा द्यावा?

नमस्कार,

कोथरूडमध्ये आमचा सहा जणांचा गट रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेण्याचा खेळ खेळतो. आवृत्ती ३.५, म्हणजे २००३ साली आलेली. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी आणि शत्रू व खजिना ठरवणारी, मी आहे. पाच खेळाडूंपैकी दोघांची पात्रे लहान आकाराची आहेत. हाफलिंग आणि नोम या खेळातल्या बुटक्या जमाती: माझी मावसबहीण हाफलिंग फाइटर (योद्धा) खेळते आणि तिचा एक मित्र नोम क्लेरिक (पुरोहित). या दोघांच्या शस्त्रांचा आणि चिलखतांचा प्रश्न मला सतावतो आहे. ही आवृत्ती ज्यांनी बरीच चालवली आहे, त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे.

अडचण अशी आहे. ३.५ मध्ये प्रत्येक शस्त्र विशिष्ट आकाराच्या हातासाठी बनवलेले असते. मध्यम आकाराचा, म्हणजे माणसाच्या मापाचा, लाँगसोर्ड आठ बाजूंच्या फाशाने घाव घालतो, तर हाफलिंगसाठी बनवलेला लाँगसोर्ड सहा बाजूंच्या. हा फरक मला मान्य आहे, कारण लहान पात्राला हल्ल्यात आणि बचावात प्रत्येकी अधिक १ मिळतोच. पण हाफलिंगने मध्यम लाँगसोर्ड उचलला, तर तो तिला दोन्ही हातांनी धरावा लागतो, ढाल सोडावी लागते आणि शिवाय हल्ल्यावर उणे २ चा दंड बसतो. मध्यम ग्रेटसोर्ड तर तिला वापरताच येत नाही. चिलखताच्या बाबतीत दंडाचाही प्रश्न उरत नाही. तीन फूट उंचीच्या पात्राला माणसाचे चिलखत अंगात घालता येणार नाही, एवढे सरळ आहे.

आता खजिना पाहा. यादृच्छिक मिळणाऱ्या शस्त्र-चिलखतांपैकी ३० टक्के लहान, ६० टक्के मध्यम आणि १० टक्के इतर आकारांची असावीत, असे नियमांचे कोष्टक सांगते. पाचात दोन लहान पात्रे असलेल्या गटाला हे प्रमाण फारसे अन्यायाचे नाही. परंतु आमच्या मोहिमेतला खजिना कोष्टकातून क्वचितच येतो. तो हरलेल्या शत्रूच्या अंगावरून येतो. ऑर्क, हॉबगॉब्लिन, बगबेअर, नोल हे सगळे मध्यम आकाराचे आणि ओगर मोठ्या आकाराचा. त्यांच्याकडचे साहित्य त्यांच्याच मापाचे असणार, आणि तसे ते असावे अशीच माझी इच्छा आहे. परिणाम असा होतो की लढाई संपल्यावर माणूस आणि अर्ध-ऑर्क या दोन पात्रांची शस्त्रे सुधारत जातात आणि हाफलिंगच्या वाट्याला नाणी येतात.

नाणी मिळाली म्हणजे भरपाई झाली, असे काही जण म्हणतील. म्हणून हिशेब मांडते. अधिक १ चा जादुई लाँगसोर्ड २३१५ सोन्याच्या नाण्यांचा असतो आणि लहान मापाच्या शस्त्रालाही तीच किंमत पडते. सापडलेली तलवार विकली तर नियमाप्रमाणे निम्मी किंमत, म्हणजे साधारण ११५७ नाणी हाती येतात. म्हणजे माणसाच्या फाइटरला जी तलवार सापडल्या क्षणी कमरेला लावता येते, तीच आपल्या मापाची मिळवण्यासाठी हाफलिंगला तितकीच नाणी पदरची घालावी लागतात. खेळाडूने लहान पात्र निवडले, एवढ्याच कारणावरून प्रत्येक वेळी तिला अर्ध्या किमतीचा भुर्दंड पडावा, हे मला पटत नाही. माझी बहीण तक्रार करत नाही, पण खजिना वाटला जात असताना तिने आपल्या पात्राच्या कागदावर काहीच लिहायचे नसते, हे मला दिसते.

आकाराचा नियम सोडून द्या, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला आहे. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या नियमांत, लहान पात्रांना फक्त 'हेवी' गटातली शस्त्रे चालवताना तोटा होतो. ग्रेटसोर्ड, हॅलबर्ड, लाँगबो वगैरे. २०२४ च्या नियमांत तर तोही आकारावर न ठेवता ताकद किंवा चपळाई १३ पेक्षा कमी असण्यावर ठेवला आहे. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही शस्त्रांपुरता लहान आणि मध्यम हा भेद जवळपास उरलेला नाही. हे सगळे सुटसुटीत आहे हे मान्य आहे. मात्र आमच्या गटाला ३.५ आवडते ती नेमकी या बारकाव्यांसाठी. हाफलिंगचे चिलखत निम्म्या वजनाचे असते, तिचे अंथरूण आणि शिधा पाव वजनाचा असतो, पण तिच्या पाठपिशवीत मावतेही पावपटच, आणि दोरखंडाचे वजन मात्र तिला पूर्ण उचलावे लागते. जग तिच्यासाठी बनवलेले नाही, ही जाणीव खेळताना सतत राहते. ती मला घालवायची नाही. तिच्या वाट्याला काही येत नाही, एवढे मात्र घालवायचे आहे.

अंगठ्या, झगे, बूट अशा जादुई वस्तू घालणाऱ्याच्या मापाच्या आपोआप होतात, हे मला माहीत आहे आणि तशा वस्तू मी देतेही. क्लेरिकचे त्यावर बरेच भागते. फाइटरचे भागत नाही, कारण तिचा सगळा खेळ शस्त्र आणि चिलखत यांवर उभा आहे.

माझे प्रश्न असे. चिलखताचे माप बदलून घेण्याचा दर तुम्ही काय ठेवता? ३.५ मध्ये फुल प्लेट या पूर्ण पत्र्याच्या चिलखतापुरता असा दर दिलेला आहे: दुसऱ्याचे जिंकलेले चिलखत नव्या मालकाच्या मापाचे करायला २०० ते ८०० नाणी. पण माणसाचे चिलखत हाफलिंगला बसवायचे तर तोच दर लागू करावा का, आणि चेनमेल (कड्यांचे) किंवा चामड्याच्या चिलखताचे काय, याचा उलगडा तेथे होत नाही. दुसरे म्हणजे, शस्त्राचे माप बदलता येते असे मानावे का? आणि तिसरे, लहान पात्रांना शोभेल असा खजिना मोहिमेत कसा पेरावा, की तो डीएमने मुद्दाम ठेवला आहे असे वाटणार नाही?

---

प्रतिसाद

नमस्कार ताई. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते मूळ दुखणे तेथे आहे.

तुमचे शत्रू बदला. गॉब्लिन आणि कोबोल्ड दोघेही लहान आकाराचे आहेत आणि ३.५ मध्ये दोघांच्याही अंगावर चामड्याचे चिलखत असते. ते हाफलिंगला जसेच्या तसे चालते. पहिल्या दोन पातळ्यांनंतर डीएम मंडळी त्यांना विसरून जातात, ही खरी अडचण आहे. सहाव्या पातळीचा गॉब्लिन सरदार किंवा कोबोल्ड सॉर्सरर उभा करण्यास नियमांची काहीच हरकत नाही, आणि त्या पातळीच्या शत्रूकडे जादुई शस्त्र असणे स्वाभाविकच असते. जमिनीखालच्या मोहिमेत डेरो आणि खोल भूगर्भात राहणारे स्विर्फनेब्लिन नोम हेही लहान आकाराचेच आहेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादी जागा आखताना तेथे आज कोण राहते एवढेच न पाहता आधी कोण राहत होते हेही ठरवा. आज ऑर्कांनी बळकावलेली खाण मूळची नोमांची असेल, तर तिच्या बंद दालनात लहान मापाची शस्त्रे सापडणारच. ऑर्कांना ती निरुपयोगी होती, म्हणूनच ती शिल्लक राहिली. खेळाडूंना यात कोणाची मेहेरबानी वाटत नाही. उलट त्या जागेचा इतिहास त्यांच्या हाती लागतो.

आणखी एक. हाफलिंग फाइटरला स्वारीचा कुत्रा द्या. त्याची किंमत १५० नाणी आहे आणि लहान पात्राला तो वाहन म्हणून पुरतो. घोडा जिथे शिरत नाही अशा भुयारात भाला घेऊन स्वारीनिशी चाल करून जाणे मध्यम आकाराच्या फाइटरला कधीच जमणार नाही. कुत्र्याचे चिलखत हा मग केवळ तिच्याचसाठी असलेला खजिना ठरतो.

तात्पुरता उपाय म्हणून 'एन्लार्ज पर्सन' हा पात्राला थोडा वेळ मोठे करणारा मंत्रही विचारात घ्या.

---

प्रतिसाद

मी कसबा पेठेत, तांबट आळीच्या जवळ राहतो. धातूच्या कामाबद्दल लहानपणापासून जे पाहत आलो, त्यावरून पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो. तांबे आणि पोलाद यांत फरक आहे हे गृहीत धरूनच लिहितो आहे.

पत्र्याला एकदा ठोकून घडीव आकार दिला, की तो आकार लहान करणे हे दुरुस्तीचे काम राहत नाही. मठारकामाने पत्रा कडक झालेला असतो. तो पुन्हा तापवून मऊ करावा लागतो, आणि हातोडीच्या प्रत्येक फेरीनंतर वक्र पुन्हा जुळवावा लागतो. फुल प्लेटमध्ये तर सांधे जुळणे हेच सर्वस्व. कोपर आणि गुडघा योग्य जागी आले नाहीत तर ते चिलखत म्हणजे नुसते ओझे. म्हणून माणसाची प्लेट हाफलिंगला बसवणे म्हणजे जवळपास नवे चिलखत घडवणे आहे. त्यासाठी मी ८०० नाण्यांचा वरचा दरच लावेन.

कड्यांच्या चिलखताचे तसे नाही. कडी उघडायची, ओळी काढायच्या, पुन्हा जोडायचे. काम कंटाळवाणे आहे, पण त्यात काही बिघडत नाही. चामड्याचे आणि कापडी चिलखत तर त्याहून सोपे: शिंपी जसा माया आत घेऊन पोलके आवळतो, तसे कापून शिवायचे. मोठ्याचे लहान करताना माल कमी पडत नाही, हा हाफलिंगच्या बाजूचा मुद्दा लक्षात ठेवा. लहानाचे मोठे करणे याच्या दसपट अवघड.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात ऐच्छिक नियम म्हणून माप बदलण्याचा खर्च वस्तूच्या बाजारभावाच्या १० ते ४० टक्के दिला आहे. त्यात चार बाजूंच्या फाशावर दर काढण्याची सोय आहे. फासा न टाकता तो प्रकारानुसार वाटून घ्या: चामडे आणि कापड १० टक्के, कड्यांचे २०, खवल्यांचे ३०, ब्रेस्टप्लेट आणि त्यापुढचे पट्ट्यांचे ४०. ताईंनी जो अर्ध्या किमतीचा भुर्दंड दाखवला, त्याच्या आतच हे सगळे राहते.

शस्त्राबद्दल माझे मत असे की पात्याला हात लावू नये, मूठ बदलावी. शुक्रवार पेठेतील केळकर संग्रहालयात जुन्या तलवारी पाहा. जुन्या भारतीय तलवारींच्या मुठी आजच्या बऱ्याच प्रौढांच्या हाताला अरुंद वाटतात. पाते तेच असले तरी मूठ हाताची नसेल तर वार नीट बसत नाही. उणे २ चा दंड मी त्याचाच समजतो. आता आकडे जुळवून पाहा. मध्यम शॉर्टसोर्ड आणि लहान लाँगसोर्ड दोन्ही सहा बाजूंच्या फाशाने घाव घालतात आणि दोघांचाही निर्णायक घाव वीस बाजूंच्या फाशावर १९-२० पडले तरच लागतो. मध्यम डॅगर आणि लहान शॉर्टसोर्ड यांचेही तसेच, फक्त फासा चार बाजूंचा. तेव्हा मूठ बदललेला शॉर्टसोर्ड हाफलिंगने लाँगसोर्ड म्हणून एका हातात वापरावा आणि दंड माफ करावा. याने खेळाचा तोल जराही ढळत नाही. मध्यम लाँगसोर्डला मात्र ही सवलत देऊ नका, त्याचे पाते तिच्या उंचीला फार लांब आहे.

---

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. नोमांची जुनी खाण मी नक्की वापरणार आहे, कारण आमच्या पुढच्या टप्प्यात ऑर्कांचा तळ आधीच आखलेला आहे आणि त्याखाली एक बंद दालन जोडणे अवघड नाही. कुत्र्याचा विचार बहिणीपुढे ठेवते. निवड तिची असावी असे वाटते.

'एन्लार्ज पर्सन'बद्दल: मंत्र पडताना अंगावरचे सर्व साहित्यही पात्राबरोबर वाढते, त्यामुळे तिची स्वतःची तलवार तेवढा वेळ मध्यम होते, हा फायदा खरा आहे. सापडलेले चिलखत घालण्यासाठी मात्र त्याचा उपयोग होत नाही. मंत्र पातळीमागे एक मिनिट टिकतो, आमचा विझार्ड चौथ्या पातळीवर आहे आणि चेनमेल नीट चढवायलाच चार मिनिटे लागतात. शेवटचा पट्टा आवळेपर्यंत ती पुन्हा तीन फुटांची झालेली असेल.

मुठीचा नियम जसाच्या तसा स्वीकारते. चिलखताच्या दरांबाबत एकच शंका उरली आहे. गटाकडे सध्या अधिक १ चा एक चेन शर्ट पडून आहे. त्याची किंमत १२५० नाणी, त्यापैकी साध्या चेन शर्टची केवळ १००, उत्तम कारागिरीची १५० आणि जादूची १०००. वीस टक्के संपूर्ण किमतीवर धरले तर २५० नाणी होतात, साध्या चिलखतावर धरले तर २०. मला २५० योग्य वाटतात, कारण मंतरलेल्या कड्या काढताना उरलेल्या कड्यांतली जादू टिकवणे हे साध्या लोहाराचे काम नसावे. त्यासाठी त्या कारागिराला चिलखतावर जादू चढवण्याची विद्या अवगत असली पाहिजे अशी अट घालावी का, की पैसे दिले की काम झाले असे मानावे? अट घातली तर असा कारागीर शोधणे हीच एक छोटी मोहीम होईल, पण तोवर तो शर्ट तसाच गाठोड्यात राहील. ज्यांनी आपल्या गटात हे केले असेल, त्यांनी काय ठरवले ते कृपया लिहावे.