घशातून दोन सूर काढायचं तुवा-मंगोलियावालं गाणं, ग्वाल्हेरात बसून शिकता येईल का?

लष्करवाली
नमस्कार मंडळी. शाळेत असताना गाणं शिकत होते, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या मग कॉलेज, नोकरी, सुटलंच. आता यूट्यूबवर हून-हूर-तू या तुव्याच्या (रशियात, मंगोलियाला लागून) गटाचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, एकच माणूस खाली सूर धरून बसतो आणि वरती शिट्टीसारखी वेगळीच चाल चालू, दोन्ही एकाच घशातून. इथे तानसेन समारोहाच्या गावात ख्यालाला गल्लोगल्ली गुरू मिळतील पण याला कोण मिळणार? तर प्रश्न असे की गुरूशिवाय जमतं का, खूमेई (मऊ), सिगित (शिट्टीसारखा), कार्गिरा (खोल घोगरा) या प्रकारांतलं आधी कुठलं धरायचं, आणि बायकांना जमतं का, कारण व्हिडिओत सगळे पुरुषच दिसतात. घरी प्रयत्न केला तर आई दारातून म्हणाली घसा बसलाय का, वाफ घे.

बाड्यावरचा
तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला का आधी, गळा गोड होतो म्हणतात त्याने? 😄

खर्जात_बसलेला
ताई, आधी हे डोक्यातून काढा की दोन सूर काढायचेत. सूर एकच असतो, त्याच्या पोटात पटीतले सूर आधीपासून असतात. १४० हर्ट्झला सा लावला की २८०, ४२०, ५६० असे वर वर चढत जातात, आपण ऐकतो फक्त सगळ्यांची मोट. तुम्ही तानपुरा घेऊन बसला असाल तर खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकलाच असेल, स्वयंभू गंधार म्हणतो आपण, तो हाच, पाचव्या पटीचा. हे लोक जीभ आणि ओठ असे लावतात की त्या ढिगातला एकच सूर उठून बाहेर येतो. २०२० मध्ये हून-हूर-तूच्याच गायकांच्या आवाजावर संशोधन छापून आलं, एकाचा गाताना एमआरआयसुद्धा काढलेला, त्यात दिसलं की तोंडाच्या पोकळीतले दोन अनुनाद (पोकळी जिथे आवाज वाढवते त्या जागा) ते एकमेकांवर आणून बसवतात, एक ते दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणून शिट्टी इतकी टोकदार लागते.

आणि गंमत बघा, आठव्या पटीला सा माना, मग नववा रे, दहावा ग, बारावा प, तेरावा धैवताच्या जवळ पण जरा उतरलेला. सातवा आणि अकरावा ते लोक बहुतेक टाळतात, अकरावा तर धड शुद्ध मध्यम नाही धड तीव्र नाही. काय उरलं? भूप! म्हणजे तुमचा कान अर्धा तयार आहे, यूट्यूबवरचे बरेच गोरे लोक इथेच अडकतात, त्यांना वरचा सूर वेगळा ऐकूच येत नाही आणि मग ते घसा आवळत बसतात.

सुरुवात अशी करा. आरामाच्या पट्टीत एक सूर धरा, ओठ गोल, आणि ऊ वरून ई कडे सरका पण इतकं हळू की ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. मध्ये मध्ये वर काहीतरी चमकून जाईल, तिथे थांबा. बाथरूममध्ये करा, फरशांमुळे पटकन ऐकू येतं, फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं एखादं अॅप लावलं तर डोळ्यांनीही दिसेल. हे जमलं की जीभ. ळ म्हणताना टोक जिथे लागतं त्याच्या थोडं पुढे, वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर टेकवा, कडा दाढांना चिकटवा, एका बाजूला दाढेपाशी बारीक फट सोडा आणि आवाज तिथून जाऊ द्या. हा सिगितचा रस्ता. बोरबानादिर, एझेंगिलेर वगैरे यावरची नक्षी, एझेंगिलेरमध्ये घोड्यावरच्या रिकिबीची लय असते, ते आत्ता राहू द्या. मंगोलियात या सगळ्या गाण्यालाच खूमी म्हणतात, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीतही आलं.

गुरूचं म्हणाल तर पॉल पेन्या नावाचे अमेरिकेतले अंध ब्लूज गायक होते, त्यांनी १९८४ मध्ये शॉर्टवेव्ह रेडिओवर हे ऐकलं आणि पुढे रेकॉर्ड ऐकून ऐकून स्वतःच शिकले, १९९५ मध्ये तुव्याची राजधानी किझिल, तिथल्या स्पर्धेत कार्गिरात पहिले आले. त्यामुळे अगदीच अशक्य नाही.

सुधाकाकू
मी गाणं शिकवते म्हणून राहवत नाही. आमच्या ग्वाल्हेर गायकीत पहिला धडा खुला आकार, गळा मोकळा. हे सगळं आवळून, दाबून काढायचं. पोरी, गाता गळा आहे तुझा, हौसेपायी घालवशील.

खर्जात_बसलेला
काकू, मान्य, सिगितला घशात ताण असतोच, म्हणूनच वर फक्त ऊ-ई सांगितलंय, त्यात काही आवळायचं नाही. माझी खरी भीती कार्गिराची आहे. पोरं त्याला आपला खर्ज समजतात आणि खाली खाली ढकलत जातात, ते तसं नाहीये. स्वरतंतूंच्या वर अजून दोन घड्या असतात, गाताना एरवी त्या गप्प बसतात, कार्गिरात त्या अर्ध्या वेगाने थरथरतात म्हणून सूर सप्तकभर खाली ऐकू येतो. खर्जात हे काही होत नाही. त्यामुळे कार्गिरा शेवटी आणि कुणीतरी समोर, निदान ऑनलाइन, ऐकणारं असताना. खाज सुटली, खोकला आला, की त्या दिवशी बंद. आवाज बसला आणि बसूनच राहिला तर कानघशाचा डॉक्टर.

सुधाकाकू
हं. भुपाचं ऐकून बघते.

मोरचंगप्रेमी, बडोदा
बायकांचं कुणी सांगितलंच नाही. तुव्यात पूर्वी बाईने हे गायलं तर मूल होण्यात अडचण येते असा समज होता, म्हणून पुरुषच दिसतात. १९९८ मध्ये तिथे तिवा किझी नावाचा फक्त बायकांचा गट निघाला, अजून गातात, शोधून ऐका, कार्गिरासुद्धा गातात. ताई, तुमची पट्टी कुठली?

लष्करवाली
काळी चार. ऊ-ई करून बघितलं, खाली काहीतरी चमकतं पण वर गेलं की गायब.

मोरचंगप्रेमी, बडोदा
तेच वाटलं. काळी चार म्हणजे २०८ च्या आसपास, आठवा सूर १६६० ला आणि बारावा पार अडीच हजारला पोचला, वरच्या दादांनी सांगितलेल्या पट्ट्याच्या बाहेर. पांढरी तीनला उतरा, आठवा १३२० आणि बारावा १९८० वर येतो, सगळं तोंडाच्या आवाक्यात. खाली सूर भरदार लागला नाही तरी चालेल. आणि एक मोरचंग घ्या, दातांवर टेकवून बोटाने छेडायचं छोटं लोखंडी वाद्य, मेळ्यात राजस्थानी दुकान लागलं तर तिथे बघा. तुव्यातही तसंच वाद्य आहे, खोमुस. मधल्या लवचिक पट्टीचा सूर बदलतच नाही, चाल सगळी तोंडाच्या आकाराने निघते, जीभ कुठे नेली की कुठला सूर उठतो ते घशाला हात न लावता कळतं. फक्त दातांवर नीट टेकवा, दात थोडे उघडे ठेवून, नाहीतर पट्टी दातावर आपटते आणि जाम झिणझिणतं.