स्टॉप दिला की ओव्हरव्होल्टेज, चालू असताना काहीच नाही: व्हीएफडीबाबत (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मदत हवी आहे

मोटर १५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ४ पोल. सेंट्रिफ्युगल ब्लोअर थेट कपल केलेला, एकूण इनर्शिया ६ किलोग्रॅम-मीटर वर्ग. ५० हर्ट्झला डीसी बस (ड्राइव्हच्या आतला डीसी भाग) ५६० व्होल्टवर दिवसभर स्थिर. डिसेल टाइम (वेग उतरवून थांबायचा वेळ) १२ सेकंद. स्टॉप दिल्यावर ४० हर्ट्झपर्यंत सगळं शांत, मग बस झपकन चढते आणि ८०० व्होल्टच्या आसपास ड्राइव्ह ट्रिप. ब्रेकिंग रेझिस्टर (जादा ऊर्जा उष्णतेत जिरवणारा) नाही. सप्लाय ४१२ ते ४१८. इनपुटला चोक (कॉइल) लावून फरक पडेल का? आणि सुरुवातीलाच ट्रिप का होत नाही?

प्रतिसाद

चोकने हे जाणार नाही. कपॅसिटर बँक स्विच होताना येणारे झटके चोक अडवतो. पण तसं असतं तर मोटर उभी असतानाही ड्राइव्ह ट्रिप झाला असता. इथे डिसेलमध्ये मोटर जनरेटर बनते. ड्राइव्हच्या इनपुटला डायोड ब्रिज, तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे ऊर्जेला मागे वाट नाही. ती बसच्या कपॅसिटरमध्ये साठते.

आता ४० हर्ट्झचं. १२ सेकंदांत थांबवायला साधारण ७६ न्यूटन-मीटर ब्रेकिंग टॉर्क हवा. पूर्ण लोडवर ५० हर्ट्झला हवाच ९८ चा विरोध करते, म्हणून मोटर तेव्हाही लोड ओढतच असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने उतरतो: ४० ला ६३, ३० ला ३५. उरलेला भार मोटरवर येतो, आणि लॉसेसमध्ये जिरला नाही की बस चढली. डॅम्पर (हवेची झडप) बंद असेल तर हवेची मदत आणखी घटते, ट्रिप वरच्याच हर्ट्झला येईल.

आधी डिसेल ६० सेकंद करा. घाई नसेल तर कोस्ट स्टॉप (मोटर आपोआप थांबू देणं) उत्तम, फक्त फ्लाइंग स्टार्ट (फिरत्या मोटरचा वेग ओळखून सुरू करणं) चालू ठेवा; फिरत्या पंख्यावर नुसता स्टार्ट दिला तर पुन्हा ट्रिप.

पुढचा प्रश्न

१२ सेकंदांतच थांबवायचं असेल तर?

प्रतिसाद

मग रेझिस्टर. हवेचा भरवसा न धरता शिखर पॉवर ११.७ किलोवॅट धरा. चॉपर (बस चढली की रेझिस्टर जोडणारा स्विच) ७५० व्होल्टला सुरू होत असेल तर ४८ ओहमपेक्षा जास्त नको, आणि मॅन्युअलमधल्या किमान ओहमच्या खाली तर मुळीच नको, चॉपरचा आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) जाईल. प्रत्येक स्टॉपला ७० किलोज्यूलपर्यंत उष्णता. रेझिस्टरचे वॅट तासाला किती स्टॉप यावर ठरवा. रेझिस्टरचा थर्मल स्विच (जास्त तापला की उघडणारा) कंट्रोल सर्किटला जोडाच. जोडणीआधी सप्लाय बंद करून ड्राइव्हच्या लेबलवर दिलेला वेळ थांबा (कपॅसिटर उतरायला), बस मीटरने मोजा.

बहुतेकदा चुकतं ते हे: ड्राइव्हमधलं ओव्हरव्होल्टेज स्टॉल प्रिव्हेन्शन (बस चढू लागली की डिसेल थोपवणारं सेटिंग) बंद करायचं राहून जातं. मग ड्राइव्ह स्वतःच डिसेल लांबवतो, बस चॉपरच्या पातळीपर्यंत पोचतच नाही आणि रेझिस्टर थंड राहतो.