टॉलरन्स आणि कंट्रोल लिमिट: दोन्हींना ‘मर्यादा’ म्हणावं का?

प्रश्न:
ओतकामात मापांवर संख्याशास्त्राने नियंत्रण कसं ठेवायचं, याचं मराठी टिपण लिहितोय. ‘सहिष्णुता’ हा शब्द माणसांसाठी ठीक, धातूच्या मापाला नको वाटतो. म्हणून टॉलरन्स आणि कंट्रोल लिमिट या दोन्हींना ‘मर्यादा’ लिहिलं आहे. चालेल का?

उत्तर:
कृपया असं करू नका. टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक, तो ड्रॉइंगवर असतो. भाग जुळणीत बसावा म्हणून डिझाइनवाला तो देतो आणि प्रत्येक नगाने तो पाळायचा असतो. कंट्रोल लिमिट असं कुणी देत नाही. ती आपल्याच मोजमापांतून काढायची: सरासरीच्या वर-खाली तीन सिग्मा (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, मापं सरासरीभोवती किती पसरतात त्याचा आकडा). अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली अशा रेषांचा तक्ता (कंट्रोल चार्ट) मांडला. शिवाय सरासरीच्या तक्त्यावर एकेक नग नसतो, गटाची सरासरी असते. पाच नगांच्या सरासरीतला चढउतार एकेका नगातल्या चढउताराच्या निम्म्याहून कमी असतो. त्या तक्त्यावर कुणी टॉलरन्सच्या रेषा ओढल्या की बिघाड सुरू होऊनही सगळं आलबेल दिसतं. शब्द एक ठेवलात तर हीच चूक होणार. टॉलरन्सला ‘मुभा’ म्हणा, दुसरीला ‘नियंत्रण सीमा’.

आणखी एक उत्तर:
‘मुभा’ आवडला. ‘विचलन’ या शब्दाकडेही बघा, त्यातही दोन अर्थ मिसळतात. समजा माप १२० मिमी आहे, मुभा ±०.८.

पहिली पाळी: १२०.५, १२०.६, १२०.५, १२०.६, १२०.५.
दुसरी पाळी: ११९.४, १२०.६, ११९.९, १२०.४, ११९.७.

दहाही नग पास. पण पहिल्या पाळीत माप सरकलंय, दुसरीत सरासरी बरोब्बर १२० असून माप मागेपुढे होतंय. दोन्हींचे उपाय वेगळे. करडं बीड थिजून थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, पोलाद २ टक्के, म्हणून पॅटर्न (ज्याच्याभोवती वाळू ठासून साचा करतात तो नमुना) तेवढा मोठा करतात. तो अंदाज चुकला की सगळे नग एकाच बाजूला सरकतात, तिथे पॅटर्न दुरुस्त करायचा. मागेपुढे होणाऱ्या मापाला मात्र पॅटर्नला हात लावू नये. वाळू सारखी ठासली जात नसेल, कोअर (भागात पोकळी ठेवण्यासाठी साच्यात बसवलेला गाभा) हलत असेल, ओतताना तापमान बदलत असेल, ते शोधावं. मी पहिल्याला ‘सरक’ आणि दुसऱ्याला ‘पसरट’ म्हणतो. ‘प्रमाण विचलन’ हे पसरटाचं माप, सरकेचं नव्हे.

प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. वाक्य असं केलंय: ‘नमुन्याची सरासरी नियंत्रण सीमेबाहेर गेली, तर सगळे नग मुभेत असले तरी थांबून कारण शोधावं.’

उत्तर:
वाक्य छान. फक्त ‘नमुना’ काढा, ओतकामात त्याचा अर्थ पॅटर्न असाही घेतला जाईल. ‘पाच नगांच्या गटाची सरासरी’ लिहा.